शेल विहिरींची कम्प्लिशन तुलना: कुस्ती लावण्याआधी जोड बघा

कोल्हापूरच्या पोटात तेल नाही. खाली आहे तो काळा पाषाण, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तरीही राजारामपुरीतल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात बसून आम्ही टेक्सास आणि नॉर्थ डकोटातल्या तेलविहिरींचे आकडे चाळतो. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून निघालेली पोरं या कामाला येतात आणि पहिल्याच आठवड्यात विचारतात, "दादा, प्लग-पर्फ भारी की स्लीव्ह?" म्हणजे खडकात भेगा पाडून तेल काढायच्या या दोन पद्धतींपैकी चांगली कोणती.

माझा पहिला अहवाल याच प्रश्नावर होता. प्लग-पर्फच्या विहिरी जास्त तेल देतात, असं ठळक अक्षरांत लिहून मी तो पाठवला. तिकडच्या वरिष्ठांनी फोनवर एवढंच विचारलं, "दोन्ही गटांतल्या विहिरी एकाच काळातल्या आहेत का?" नव्हत्या. स्लीव्हवाल्या बहुतेक जुन्या, आखूड आणि कमी वाळूच्या होत्या. मी पद्धती म्हणून जे मोजलं होतं, ते मधल्या वर्षांत सगळंच किती बदललं याचं मोजमाप होतं. अहवाल परत घ्यावा लागला. पुढचं सगळं त्या फोननंतर शिकलेलं आहे.

१. आधी ठिबकची लॅटरल डोळ्यांसमोर आणा

उसाला ठिबक केलेल्या घरातली पोरं हे काम लवकर शिकतात, असा माझा अनुभव आहे. शेल विहीर दोन-तीन किलोमीटर सरळ खाली जाते, मग वळते आणि तेलाच्या थरातून आडवी चालते. त्या आडव्या भागालाही लॅटरलच म्हणतात. वळणाजवळचं टोक म्हणजे हील, लांबचं टोक म्हणजे टो. फरक इतकाच की ठिबकमध्ये पाणी बाहेर सोडायचं असतं, आणि इथं आधी पाणी बाहेर दाबून मग तेल आत घ्यायचं असतं.

शेल खडक इतका घट्ट असतो की त्यातून तेल आपण होऊन वाहत नाही. म्हणून प्रचंड दाबानं पाणी आणि वाळू आत घालून भेगा पाडतात, यालाच फ्रॅक म्हणतात. पाण्याचा दाब उतरला की भेग मिटायला बघते, वाळू तिला उघडी धरते. आपल्याकडे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा कमी पाण्याच्या बोअरवेलचं हायड्रोफ्रॅक्चरिंग करते, ते तुम्ही गावाकडं पाहिलं असेल. तत्त्व त्याच घरातलं, आकार मात्र वेगळाच. १०,००० फुटांची लॅटरल धरा. फुटाला २,००० पाउंड वाळू आणि ४५ बॅरल पाणी, हे आजच्या टेक्सासमध्ये नेहमीचे आकडे. म्हणजे एका विहिरीला सुमारे ९,०७० टन वाळू आणि सात कोटी लिटरच्या वर पाणी. दहा हजार लिटरचे सात हजारांहून जास्त टँकर झाले.

ड्रिलिंग संपल्यापासून तेल वर येईपर्यंतचं सगळं काम, म्हणजे केसिंग (विहिरीतला पोलादी पाइप), सिमेंट, भोकं, भेगा, सफाई, याला कम्प्लिशन म्हणतात. एवढ्या लांबीत एका दमात भेगा पाडता येत नाहीत, म्हणून लॅटरलचे तुकडे करतात. एक तुकडा म्हणजे एक स्टेज. काम टोपासून सुरू होऊन हीलकडे येतं. पद्धती वेगळ्या होतात त्या एवढ्याच मुद्द्यावर: एक स्टेज दुसरीपासून अलग कशी करायची आणि पाणी बाहेर कुठून सोडायचं.

२. तीन पद्धती नीट ओळखा

प्लग-पर्फ. पूर्ण नाव प्लग अँड पर्फ. आडव्या भागात केसिंग घालून भोवती सिमेंट भरतात. टोची पहिली स्टेज दाबानं उघडणाऱ्या स्लीव्हनं (पाइपमधली सरकती खिडकी) किंवा कॉइल ट्युबिंगवरून (गुंडाळीवरून सोडायची लांब सलग नळी) भोकं पाडून उरकतात. पुढच्या प्रत्येक स्टेजला वायरलाइनवर, म्हणजे तारेवर, प्लग (पाइप अडवणारं बूच) आणि गन (स्फोटानं भोकं पाडणारं सामान) बांधून आत सोडतात. आडव्या भागात हे सामान स्वतःच्या वजनानं सरकत नाही, मागून पाणी पंप करून ढकलावं लागतं. प्लग बसवायचा, गन थोडी थोडी मागं ओढत ठिकठिकाणी उडवायची, वायरलाइन बाहेर काढायची, बॉलनं प्लग बंद करायचा आणि पंप चालू. गन उडवलेलं प्रत्येक ठिकाण म्हणजे क्लस्टर. एका स्टेजमध्ये चार असतात, कधी पंधरासुद्धा. सगळ्या स्टेज झाल्या की प्लग दळून काढतात.

स्टेज कितीही घेता येतात, पंपाचा वेग मोठा ठेवता येतो, आणि एका स्टेजमध्ये बिनसलं तर पुढचीचा आराखडा बदलता येतो. म्हणून अमेरिकेत आज बहुतांश काम याच पद्धतीनं होतं. दुखणं आहे ते एका स्टेजमधल्या सगळ्या क्लस्टरना एकाच वेळी पाणी पाजायचं असतं त्यात. त्यावर सहावी पायरी खर्च केली आहे.

विरघळणारे प्लगही मिळतात, म्हणजे दळायचं काम वाचतं. पण विरघळणं तापमानावर आणि पाण्यातल्या क्षारांवर अवलंबून असतं. थंड विहीर, गोडं पाणी असेल तर तुकडे मागं राहतात, आणि शेवटी कॉइल आत घालावीच लागते. तेव्हा "विरघळणारे प्लग" असं दिसलं की दळण्याचा खर्च लगेच शून्य धरू नका.

बॉल-ड्रॉप स्लीव्ह. नॉर्थ डकोटातल्या बाकेन थरात सुरुवातीच्या वर्षांत ही फार चालली. यात बहुधा सिमेंट नसतं. उघड्या भोकात, म्हणजे केसिंग नसलेल्या आडव्या भागात, लायनर (आतला पाइप) सोडतात, त्यावर ठरावीक अंतरानं पॅकर (भोवतीची जागा बंद करणारे) आणि मध्ये स्लीव्ह. काही पॅकर तेलात किंवा पाण्यात फुगून जागा धरतात. वरून बॉल सोडला की तो आपल्या मापाच्या सीटवर बसतो, दाबानं स्लीव्ह सरकते आणि वाट उघडते. सगळ्यात लहान बॉल टोच्या बाजूला, मग चढत्या मापानं हीलकडे. वायरलाइन आत-बाहेर करायची नाही, पंप जवळजवळ न थांबता चालतो, वेळ भरपूर वाचतो.

पण प्रत्येक सीट आधीच्यापेक्षा मोठी हवी, आणि पाइपचा आतला व्यास तर ठरलेला. त्यामुळे स्टेजच्या संख्येवर मर्यादा येते. शिवाय दोन पॅकरच्या मधल्या उघड्या खडकात भेग नेमकी कुठं सुटली ते कळत नाही.

कॉइलनं उघडायची स्लीव्ह. हिला पिनपॉइंट म्हणतात. केसिंगबरोबरच स्लीव्ह सिमेंटमध्ये बसवलेल्या असतात. कॉइल ट्युबिंगच्या टोकाला पुन्हा पुन्हा बसवता येणारा पॅकर असतो. एक स्लीव्ह उघडायची, कॉइल आणि केसिंगच्या मधल्या जागेतून पाणी-वाळू पंप करायची, मग पुढच्या स्लीव्हकडे सरकायचं. एका वेळी एकच तोंड, म्हणून कुणाला किती गेलं याचा हिशेब चोख. वाळू अडकली तर कॉइलमधून पाणी फिरवून तिथल्या तिथं साफ करता येते.

तोटे दोन. मधली जागा अरुंद, म्हणून पंपाचा वेग कमी. आणि लॅटरल फार लांब असेल तर कॉइल घर्षणानं वेटोळी होऊन अडते, टोपर्यंत पोचत नाही. माझं मत विचाराल तर आखूड किंवा मध्यम लॅटरलला हिचा विचार आवर्जून करावा. तीन किलोमीटरच्या लॅटरलला मी सहसा सुचवत नाही.

३. हाताशी काय हवं

- विहिरींची यादी, प्रत्येकीच्या एपीआय क्रमांकासह, म्हणजे अमेरिकेतल्या विहिरीच्या ओळख क्रमांकासह. पहिले दोन आकडे राज्याचे असतात: टेक्सास ४२, नॉर्थ डकोटा ३३. हा क्रमांक कायम मजकूर म्हणून साठवा. आकडा म्हणून साठवलात तर सुरुवातीचं शून्य एक्सेल गिळून टाकतं, आणि कोलोराडोच्या विहिरी नेमक्या ०५ नं सुरू होतात.
- कम्प्लिशन अहवाल. टेक्सासमध्ये तेलविहिरीसाठी डब्ल्यू-२ फॉर्म, नॉर्थ डकोटात विहिरीची पूर्ण फाइल.
- फ्रॅकफोकस या सार्वजनिक वेबसाइटवरची पाणी आणि रसायनांची नोंद.
- महिनावार उत्पादन, आणि त्या महिन्यात विहीर किती दिवस चालली तो आकडा.
- डायरेक्शनल सर्व्हे, म्हणजे लॅटरल नेमकी कुठून कुठे गेली.
- एक्सेल पुरतं. पायथन येत असेल तर उत्तम, पण पहिल्या पन्नास विहिरी हातानं करा.

भारतातली माहिती का नाही, असं कुणी ना कुणी विचारतंच. ओएनजीसीनं २०११ मध्ये दुर्गापूरजवळच्या विहिरीत शेल गॅस दाखवला, २०१८ मध्ये अपारंपरिक साठ्यांसाठी धोरणही आलं, पण तुलना करायला शेकडो विहिरी लागतात आणि तेवढ्या आपल्याकडे नाहीत.

४. माहिती काढा, आणि इथं फसू नका

नॉर्थ डकोटापासून सुरुवात करा. तिथं तेलाचं उत्पादन विहिरीनुसार मिळतं. नवी विहीर सहा महिने गोपनीय ठेवता येते, एवढं लक्षात असू द्या. ताज्या विहिरींपुढची रिकामी घरं शून्य नव्हेत.

टेक्सासमध्ये तेल-गॅसचं नियमन रेलरोड कमिशन करतं. नावाला रेल्वे, काम तेलाचं. मोठा सापळा इथंच आहे. टेक्सासमध्ये तेलाचं उत्पादन लीजनुसार, म्हणजे करारानं घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यानुसार, नोंदवलं जातं. एका लीजवर सहा विहिरी असतील तर सहांचं तेल एकाच आकड्यात येतं. विकत मिळणाऱ्या डेटाबेसमध्ये ते विहिरींत वाटून दाखवलेलं असतं, पण ती वाटणी कुणीतरी गणितानं केलेली असते. एका लीजवर तीन प्लग-पर्फ आणि तीन स्लीव्हच्या विहिरी असतील, आणि वाटणी लांबीच्या प्रमाणात केली असेल, तर दोन्ही पद्धती हुबेहूब सारख्याच दिसणार. आमच्याकडच्या एका पोरानं अशा विहिरींवरून "काहीच फरक नाही" असा निष्कर्ष काढला होता. फरक होता की नव्हता, ते त्या आकड्यांतून कळण्याची सोयच नव्हती. टेक्सासमध्ये एका लीजवर एकच विहीर असलेल्या नोंदी आधी वेगळ्या काढा.

फ्रॅकफोकस २०११ मध्ये सुरू झालं आणि टेक्सासमध्ये तिथं नोंद करणं २०१२ पासून सक्तीचं आहे. पाण्याचा आकडा गॅलनमध्ये सरळ मिळतो. वाळू मात्र एकूण वजनाच्या टक्केवारीत असते, पाउंड आपण काढायचे. समजा पाणी १ कोटी ८९ लाख गॅलन. गॅलनला ८.३४ पाउंड, म्हणजे पाणी सुमारे १५ कोटी ७६ लाख पाउंड. नोंदीत पाणी ८८.५ टक्के आणि वाळू ११.२ टक्के असेल, तर वाळू झाली १५ कोटी ७६ लाख गुणिले ११.२ भागिले ८८.५, म्हणजे जवळपास २ कोटी पाउंड. वाळू कधी दोन-तीन ओळींत वेगवेगळ्या नावांनी लिहिलेली असते, सगळ्या बेरजेत घ्या. टक्क्यांची बेरीज शंभराच्या आसपास येत नसेल तर ती नोंद बाजूला ठेवा.

पद्धत कोणती वापरली, हे फ्रॅकफोकस सांगत नाही. ते कम्प्लिशन अहवालातल्या भोकांच्या यादीवरून ओळखायचं. ठरावीक अंतरानं भोकांच्या जोड्या दिसल्या तर बहुधा प्लग-पर्फ. सगळी लॅटरल एकच सलग उघडा भाग म्हणून लिहिली असेल तर उघड्या भोकातली स्लीव्ह असू शकते. हे काम कंटाळवाणं आहे. एका विहिरीला वीस मिनिटं जातात.

५. जोड लावा

खासबागेत ६० किलोच्या पोराची ९० किलोच्या मल्लाशी जोड कुणी लावत नाही. लावलीच तर जिंकणाऱ्याचं कौतुक होत नाही. विहिरींचंही तेच. जोड लावताना मी या क्रमानं बघतो:

थर एकच हवा. टेक्सासच्या मिडलँड बेसिनमध्ये वुल्फकॅम्प ए आणि वुल्फकॅम्प बी हे वेगळे धरायचे, नकाशावर विहिरी शेजारी असल्या तरी. मग वर्ष: कम्प्लिशनमध्ये वर्षभराहून जास्त अंतर असेल तर मी जोड सोडतो. मग लांबी. इथं पोरं म्हणतात, दर हजार फुटांवर आणलं की झालं. होत नाही. लॅटरल दुप्पट केली म्हणून तेल नेमकं दुप्पट मिळत नाही, टोच्या बाजूचा भाग बऱ्याचदा कमी देतो. ५,००० आणि १०,००० फुटांची जोड भागाकार करूनही लंगडीच राहते. त्यानंतर फुटामागे वाळू आणि पाणी, आणि ऑपरेटर, कारण प्रत्येक कंपनीच्या सवयी वेगळ्या.

शेवटची आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे शेजार. आधी एक विहीर तेल काढत असेल आणि नंतर तिच्या बाजूला दुसरी काढली, तर पहिलीला पॅरेंट आणि दुसरीला चाइल्ड म्हणतात. पॅरेंटनं भोवतालचा दाब उतरवलेला असतो. चाइल्डच्या भेगा त्या मोकळ्या झालेल्या भागाकडे ओढल्या जातात आणि तिला कमी तेल मिळतं. कुठल्याही पद्धतीच्या माथी हा दोष मारू नका.

सगळ्यात सुंदर जोड म्हणजे एकाच पॅडवरच्या (एकाच जागेवरून खोदलेल्या), एकाच महिन्यात केलेल्या, फक्त पद्धत वेगळी असलेल्या दोन विहिरी. अशा दहा जोड्या मिळाल्या तर दोनशे विहिरींच्या सरासरीपेक्षा माझा त्यांच्यावर जास्त विश्वास. प्रत्येक जोडीचं गुणोत्तर वेगळं मांडा, मधलं मूल्य घ्या. मशीन लर्निंगकडे एवढ्यात वळू नका. स्लीव्हच्या सगळ्या विहिरी जुन्या असतील, तर मॉडेलनं काहीही केलं तरी त्या नव्या होत नाहीत.

६. क्लस्टरचं गणित हातानं करा

ठिबकमध्ये सुरुवातीच्या ड्रिपरला जास्त आणि शेवटच्याला कमी पाणी जाऊ नये म्हणून काय करतात? ड्रिपरची वाट बारीक ठेवतात. पाइपमधल्या दाबाच्या फरकापेक्षा ड्रिपरमधली दाबाची घट मोठी असली की सगळीकडे जवळपास सारखं पडतं. प्लग-पर्फमध्ये नेमकं हेच करतात आणि त्याला लिमिटेड एंट्री म्हणतात. भोकं मुद्दाम थोडी आणि बारीक ठेवायची.

भोकांतली दाबाची घट पीएसआयमध्ये (चौरस इंचाला पाउंड) अशी काढतात. वर: ०.२३६९ गुणिले वेगाचा वर्ग गुणिले घनता. खाली: भोकाच्या प्रवाह-सहगुणकाचा वर्ग गुणिले भोकांच्या संख्येचा वर्ग गुणिले व्यासाचा चौथा घात. वेग मिनिटाला बॅरलमध्ये, घनता गॅलनला पाउंडमध्ये, व्यास इंचात.

वेग ८०, घनता ८.५, सहगुणक ०.८, व्यास ०.४० इंच, भोकं ३६. उत्तर येतं सुमारे ६०७ पीएसआय. तीच भोकं २४ केली तर १,३६६. एक तृतीयांश भोकं कमी केल्यावर घट सव्वादोन पट झाली. क्लस्टर-क्लस्टरमध्ये खडकाचा ताण काहीशे पीएसआयनं वेगळा असेल, तर ६०७ मध्ये मऊ क्लस्टर बरंचसं पाणी ओढून नेईल. १,३६६ मध्ये वाटणी पुष्कळ सुधारते.

आता उलटी बाजू. वाळू भोकं झिजवते. ३६ भोकांचा व्यास ०.४० चा ०.४२ झाला तर घट ६०७ वरून ५०० च्या खाली येते, आणि हे एकच स्टेज चालू असताना होतं. जास्त झिजलेल्या क्लस्टरला आणखी पाणी, म्हणून आणखी झीज. अनेकदा हीलकडच्या क्लस्टरची भोकं जास्त मोठी झालेली कॅमेऱ्यात दिसतात.

म्हणून "प्लग-पर्फ" हा एक गट समजू नका. ४० फुटांवर क्लस्टर आणि भरपूर भोकं असलेली जुनी रचना, आणि १५ फुटांवर क्लस्टर अन् मोजकी भोकं असलेली आजची रचना, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिनपॉइंट स्लीव्हनं जुन्या प्लग-पर्फला हरवलं, हा निकाल आजच्या प्लग-पर्फला तसाच लागू होत नाही.

७. उत्पादनाचा आकडा निवडा

पहिल्या २४ तासांचा आकडा विसरा. तो चोक (तेलाचा प्रवाह आवरणारी तोटी) किती उघडला यावर ठरतो, आणि गुंतवणूकदारांच्या पत्रकात शोभून दिसतो. मी १२ महिन्यांचं एकूण तेल घेतो. पहिला महिना बहुधा अर्धवट असतो, म्हणून मोजणी पहिल्या पूर्ण महिन्यापासून करायची. शेजारच्या विहिरीच्या फ्रॅकसाठी किंवा पंप बदलण्यासाठी विहीर बंद ठेवली असेल तर चाललेले दिवस बघून दुरुस्ती करा.

पुढच्या वीस वर्षांचा अंदाज लागला तर उत्पादन कसं घसरतं ते सांगणारं आर्प्सचं १९४५ चं समीकरण अजूनही चालतं. शेलमध्ये त्यातला बी हा घातांक एकाच्या वर निघतो. तो तसाच शेवटपर्यंत ताणला तर कागदावर विहीर कधी मरतच नाही. ठरावीक वार्षिक घटीला पोचल्यावर साध्या घातांकी घसरणीवर वळवा, आणि दोन्ही पद्धतींना तोच नियम लावा.

८. खर्च आणि वेळ

पोरं इथं फक्त सामानाची किंमत मांडतात. स्लीव्ह महाग, प्लग स्वस्त, झालं. पण खर्चाचा मोठा वाटा पंपांच्या ताफ्याच्या दिवसांचा असतो. दोन विहिरी आलटून पालटून केल्या, एकीत वायरलाइन आणि दुसरीत पंप, की त्याला झिपर फ्रॅक म्हणतात. त्यात वायरलाइनचा वेळ झाकला जातो, म्हणून बॉल-ड्रॉपचा वेळेचा फायदा पॅडवर बराच कमी होतो. एकट्या विहिरीवर तो टिकतो. प्लग दळण्याचे दिवस आणि वाळू अडकल्यावर गेलेले दिवस वेगळ्या ओळीत लिहा.

९. अहवाल पाठवताना

पहिल्या पानावर थर, वर्षं, जोड्यांची संख्या. निकाल आकड्याबरोबर पट्टा (किती ते किती) देऊन लिहा. दहापैकी सहा जोड्यांत प्लग-पर्फ पुढं आणि चारांत मागं असेल तर तसंच लिहा. कुस्ती बरोबरीत सुटली म्हणायला लाजू नका.

वगळलेल्या विहिरींची यादी शेवटच्या शीटवर ठेवा, प्रत्येकीपुढं कारण. तिकडचे लोक ती शीट आधी उघडतात. मिडलँडला सकाळचे सात म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेपाच, थंडीत साडेसहा. फोन त्या वेळेला येतो, तेव्हा चहा त्याच्या आधी घेऊन ठेवा.